कुंदा आणि मागचं डिझेल

कुंदे, अर्ध्या भांडणात उठून जायची ही कुठली पद्धत?

सोमवारी संध्याकाळी फोनवर आपण कडाकडा भांडलो. तू म्हणालीस, "थांब, गॅसवर दूध ठेवलंय, उद्या बोलू. मी सोडणार नाहीये तुला." मी म्हटलं, "मीही नाही सोडणार." आणि मंगळवारी सकाळी दिलीपचा फोन आला. तू नेहमीसारखी उठलीस, चहा टाकलास आणि ओट्यापाशीच कोसळलीस. ॲम्ब्युलन्स लगेच आली म्हणे, पण तुझं हृदय त्याआधीच थांबलं होतं. बिचारा तुझा नवरा तुटक तुटक सांगत होता आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला, सांगू? आला तो असा, की ही बया मुद्दाम गेली. माझा सगळ्यात चांगला मुद्दा मी मंगळवारसाठी राखून ठेवला होता, तो ऐकायला लागू नये म्हणून गेली. मग रडू फुटलं. आमच्या किचनमध्ये जमिनीवर बसून मी लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडले.

तुझ्याबद्दल लोकांनी खूप छान छान लिहिलं गं. इथल्या, ओहायोतल्या डब्लिनच्या आपल्या ग्रुपवर दिवसभर तुझे फोटो येत होते. हळदीकुंकवाचा, गणपतीतला, पैठणी नेसून नको तेवढी हसणारी तू. सगळे फोटो चांगले होते, पण त्यात तू नव्हतीस. शेवटी न राहवून मी माझ्याकडचा टाकला, ओव्हरऑल घातलेला, डोक्याला रुमाल, हातात फावडं, आणि नाकापासून हनुवटीपर्यंत काजळी. खाली एका नवीन मुलीनं विचारलं, "हे काका कोण?" मला इतकं हसू आलं, आणि लगेच वाटलं, आता हे कुणाला फोन करून सांगू?

ती नवीन मुलगी काय, इथल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं की आपण दर शनिवारी जातो कुठे. त्यांना वाटायचं, या दोघी आउटलेट मॉलला जातात. वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून काम करतो, भट्टीत कोळसा घालतो, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसायचा आणि मग विचारायचा, "नाही, खरंच काय करता?"

सगळं तुझ्यामुळेच झालं. कोलंबसच्या दक्षिणेला, जिथे सपाट ओहायो संपतो आणि टेकड्या लागतात, तिथे ती हौशी लोकांनी जिवंत ठेवलेली छोटी रेल्वे. शंभर वर्षांपूर्वीचं कोळशाचं इंजिन, मागे लाकडी बाकांचे चार डबे, आणि ऑक्टोबरात रंगीत झाडं बघायला येणारी ही गर्दी. आपणही तशाच गेलो होतो, दोन कुटुंबं मिळून, डब्यात ठेपले आणि चटणी घेऊन. गाडी सुटायची वेळ झाली तरी तुझा पत्ता नाही. बघते तर तू इंजिनाच्या केबिनमध्ये मान घालून उभी. परत आलीस ती डोळे चमकवत. "शैले, अगं, हा तर आपला बंब आहे! नुसता आडवा पाडलाय!"

अमरावतीला तुमच्या घरी आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता आणि तो पेटवायचं काम लहानपणी तुझं होतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर मात्र एवढ्या वेळा ऐकलं की तो बंब माझ्या माहेरचा असावा असं मला वाटायला लागलं. पुढच्याच शनिवारी तू व्हॉलंटियर म्हणून नाव घातलंस. मी गेले ती निव्वळ ड्रायव्हर म्हणून. कारण लेकी, दीडशे पौंड प्रेशरच्या वाफेशेजारी बिनधास्त उभी राहणारी तू हायवेवर मर्ज करायला घाबरायचीस! "तू चालव ना गं, मले त्या ट्रकची भीती वाटते." मग आयुष्यभर मीच चालवलं. तासभर जाताना, तासभर येताना, आणि तू शेजारी बसून माझ्या लेन बदलण्यावर टीका करायचीस.

सुरुवातीला राख उपसली, पितळ घासलं, डबे झाडले. इंजिनाला तू 'आत्याबाई' म्हणायला लागलीस, कारण ते तुझ्या आत्याबाईंसारखंच कशानेही रुसायचं. मग एके दिवशी वॉल्टनं तुझ्या हातात फावडं दिलं. वॉल्ट म्हणजे आपला इंजिन ड्रायव्हर, जन्मभर ट्रक दुरुस्त केलेला, सत्तरीचा, कमी बोलणारा. आणि तू काय केलंस? बंब भरलास! अगदी अमरावतीसारखा. तोंडापर्यंत कोळसा ठासलास, दार लावलंस आणि हात झटकून समाधानानं उभी राहिलीस, जणू आता पाणी तापलं की पहिली आंघोळ बाबांची.

त्या भट्टीला पातळ आग लागते, थोडा थोडा कोळसा, पण सारखा, हे वॉल्टनं आपल्याला आधीच सांगितलं होतं, पण बंबापुढे ऐकतो कोण. धुराड्यातून काळाकुट्ट धूर, आग गुदमरलेली, प्रेशरचा काटा खाली. आणि मोठ्या चढाच्या बरोब्बर मध्यावर आत्याबाई थांबल्या. मागच्या डब्यात कुणाच्या तरी वाढदिवसाची पार्टी होती. वॉल्टनं फक्त टोपी काढून डोकं खाजवलं. तू मात्र खाली उतरलीस, डब्याच्या पायरीवर चढलीस आणि सगळ्यांना सांगितलंस, "इट वॉज मी. आय डिड इट. प्लीज ईट युअर केक." पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी केबिनमधून बघत होते आणि मला तुझा एवढा अभिमान वाटला की विचारू नकोस. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण परतीच्या वाटेवर तुझी टर उडवण्यात सगळा वेळ गेला.

त्याच आठवड्यात कमिटीनं गाडीच्या शेपटाला एक डिझेल इंजिन जोडलं. चढावर मागून ढकलायला. तात्पुरतं, असं म्हणाले. ते तात्पुरतं तसंच राहिलं.

आणि तू शिकलीस, कुंदे. इर्षेनं शिकलीस. धुराचा रंग बघून आगीत कुठे भोक पडलंय ते सांगायला लागलीस. मलाही शिकवलंस, ओरडून ओरडून. "दार लाव! गार हवा जाते आत! काऊन उघडं ठेवलं?" चिडलीस की तुझी वऱ्हाडी बाहेर पडायची आणि वॉल्ट घाबरून मागे सरकायचा. तुझा एक नियम तर तू माझ्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकलास. पाणी आधी, बाकी मग. बॉयलरमधलं पाणी कमी झालं आणि भट्टीचं छत उघडं पडलं तर इंजिन फुटतं, माणसं मरतात. प्रेशर गेलं तर काय होईल? गाडी थांबेल, लोक केक खातील. "थांबलेली गाडी पुन्हा चालते गं शैले," असं म्हणायचीस.

दुपारी गाडी उभी असली की फावडं वाफेनं धुवून त्यावर वांगी भाजायचीस, भट्टीच्या तोंडाशी धरून. भरताला कोळशाचा वास लागतो असं मी म्हणायचे, आणि तू म्हणायचीस, "पुण्याच्या माणसाला भरीत कळत नाही. तू आपली साखर घाल." वॉल्ट मात्र ते ब्रेडला लावून गपागप खायचा.

आता आपल्या भांडणाबद्दल. कारण ते मी सोडलेलं नाही.

तुझं म्हणणं, डिझेल काढा. लोक येतात ते आत्याबाईंना बघायला. मागून कुणीतरी ढकलतंय आणि पुढे आपण शिट्ट्या मारतोय, हे नाटक झालं. आणि त्याहून वाईट म्हणजे मागे डिझेल आहे हे ठाऊक असलं की आपला हात सैल पडतो. फावडं अर्ध्या मनानं पडतं. "आपण फायरमन आहोत का नाटकातले शिपाई?" माझं म्हणणं, अगं, शंभर वर्षांचं इंजिन आहे, त्याचा चढावर जीव काढायचा कशाला? डब्यात म्हातारी माणसं असतात, तान्ही बाळं असतात. गाडी मध्येच अडकली तर बाथरूमला कुठे नेणार त्यांना? तू म्हणायचीस, "टेस्टरच ना तू शेवटी. तुले सगळीकडे बग दिसतात." हो, दिसतात. तीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये त्याचाच पगार घेतला मी.

तरी कमिटीच्या मागे लागून लागून तू एक चाचणी पदरात पाडून घेतलीस. ऑक्टोबरची गर्दी सुरू व्हायच्या आधीचा एक शनिवार. डिझेल सोडायचं, चारही डबे जोडायचे, आग तुझी. चढ एका दमात गेला तर डिझेल कायमचं शेडमध्ये. थांबलो तर डिझेल राहील आणि तू पुन्हा हा विषय काढणार नाहीस. मला सगळ्यात मोठं आश्चर्य त्या शेवटच्या अटीचं वाटलं होतं.

तू गेल्यावर कमिटीचा ईमेल आला. फार सभ्य भाषेत होता. कुंदाच्या आठवणीखातर चाचणी रद्द करू, डिझेल आहे तसं राहू दे. वाचून माझं डोकंच सटकलं. आठवणीखातर? म्हणजे तू मेलीस म्हणून तू हरलीस? हे कुठलं लॉजिक, यार? चाचणी न करता निकाल लावलेला मला नोकरीत कधी चालला नाही, तो इथे चालेल? आणि तुला हरवायचंच असेल तर मी हरवीन, एक ईमेल नाही हरवणार. मी लगेच उत्तर लिहिलं. शनिवार ठरलाय तोच राहील, आग मी सांभाळीन. कमिटीला कळेना. त्यांना एवढंच माहीत होतं की शैला डिझेलच्या बाजूची आहे.

वॉल्टनं फोन केला. "यू शुअर?" मी म्हटलं, "नो. सी यू सॅटर्डे."

ईशा जर्सी सिटीहून आली आहे ती अजून इथेच आहे. तुझी लेक तुझ्यासारखी बडबडी नाही, पण हट्ट तोच. तिनं तुझे हातमोजे आणून माझ्यापुढे धरले. "मावशी, यू शुड वेअर दीज." मी घालून पाहिले. अंगठा आत जाईना. तुझे हात एवढेसे, लहान मुलीचे असावेत तसे, आणि मी मेली धिप्पाड. आम्ही दोघी हसलो. शेवटी मी माझेच घातले. दिलीपही आला, कुंदे! वॉशिंग मशीनमध्ये काजळी केली म्हणून जन्मभर आत्याबाईंच्या नावानं बोटं मोडणारा तुझा नवरा पहिल्या डब्यात खिडकीशी बसला. पांढरा शर्ट घालून आला होता.

हायवेवर शेजारची सीट रिकामी होती म्हणून त्या सकाळी मी फार नीट लेन बदलल्या. उजाडता उजाडता पोचले. आदल्या दिवसाची धुगधुगी भट्टीत होती, ती हळूहळू जागी केली. घाई केली नाही. कोळसा बघितला आणि तोंडातून शिवीच आली, कारण या खेपेला नुसता चुरा आला होता. चुरा पटकन जळतो आणि दम धरत नाही. तू असतीस तर कोळसेवाल्याचा उद्धार केला असतास. मी मोठे तुकडे हातानं वेचून चढासाठी बाजूला ठेवले.

निघायच्या वेळी मी तुझ्यासारखं म्हणणार होते. इंजिनाच्या पत्र्यावर थाप मारून तू दर वेळी म्हणायचीस ते. मी हात उचलला. तेवढ्यात पलीकडून वॉल्टनं थाप मारली आणि म्हणाला, "चला, आट्याबाय." कसले भयंकर उच्चार! मी डोळे पुसले, काजळी डोळ्यात गेली, आणि निघालो.

पायथ्यापर्यंत सगळं झक्कास होतं. आग पांढरी, धूर विरळ, काटा जिथे हवा तिथे. चढ सुरू झाला आणि मी तू शिकवलंस तसं करत गेले. दार उघड, एक फावडं कोपऱ्यात, दार लाव. पुन्हा उघड, दुसऱ्या कोपऱ्यात, लाव. आत्याबाईंचा श्वास जड व्हायला लागला. मागे काही नाही हे कळत होतं, कुंदे. पाठीत कळत होतं. एवढी वर्षं तो चढ मी चढले, पण कधी अशी जागी नव्हते. हात सैल पडतो म्हणालीस ना, ते खरं आहे. लिहून देते, हवं तर.

आपण थांबलो होतो ती जागा मागे पडली. मला ओरडावंसं वाटलं. पण शेवटच्या वळणाला चुऱ्यानं दगा दिला आणि काटा उतरायला लागला. त्याच वेळी मी पाण्याच्या काचेच्या नळीकडे बघितलं. नळीत पाणी बरं दिसत होतं. पण चढावर ते खोटं असतं, हे तूच दाखवलं होतंस. इंजिनाचं तोंड वर असतं म्हणून पाणी मागे, नळीकडे साचतं. माथ्यावर गाडी सपाट झाली की तेच पाणी पुढे पळतं आणि भट्टीचं छत उघडं पडू शकतं. बॉयलरमध्ये आणखी पाणी आत्ताच सोडायला हवं होतं. आणि गार पाणी आत गेलं की प्रेशर आणखी पडणार, गाडी कदाचित इथेच थांबणार, माथा दिसत असताना. सगळ्यांच्या देखत तू हरणार.

मोह झाला. खोटं कशाला बोलू? दोन वळणं नाही, एकच वळण होतं. नळी तर बरी दिसत होती.

मी पाणी सोडलं. सोडताना मोठ्यानं म्हणाले, मराठीत, "थांबली तर थांबली." काटा धाडकन पडला. चाकं इतकी सावकाश फिरायला लागली की धुराड्याचा एक ठोका झाला की दुसरा येईल का याची खात्री नव्हती. चाकं घसरू नयेत म्हणून वॉल्टनं रुळांवर वाळू सोडली आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. मी वेचून ठेवलेले मोठे तुकडे घातले, दार लावलं आणि फावडं टेकून उभी राहिले. आता घालण्यासारखं काही नव्हतं. मागच्या डब्यातून ईशा अर्धी बाहेर वाकून किंचाळत होती, "गो, आत्याबाई! गो!" त्या पोरीच्या तोंडून मी पहिल्यांदा एवढा मोठा आवाज ऐकला.

आत्याबाई माथ्यावर गेल्या. चालत गेल्या म्हण, रांगत गेल्या म्हण, पण थांबल्या नाहीत. गाडी सपाट झाली आणि नळीतलं पाणी सरकन खाली आलं. तळाशी बोटभर उरलं. ते बोटभर पाणी मी मघाशी सोडलेलं होतं. वॉल्टनं ते पाहिलं, मग शिट्टीची दोरी ओढली आणि सोडायलाच तयार होईना.

दिलीप उतरला तेव्हा त्याचा पांढरा शर्ट ठिपक्यांचा झाला होता. तो बघत तो म्हणाला, "आता हा धुवायचा कसा? तिला विचारायला हवं." आणि तिथेच पायरीवर बसला. मी आणि ईशा त्याच्या दोन्ही बाजूंना बसलो.

मग शेडमध्ये कमिटी बसली. सगळे हसत होते, माझे हात हातात घेत होते. कुंदा जिंकली, डिझेल काढू, असं ठरतच आलं होतं. मी हात वर केला. मी म्हटलं, एरवीच्या शनिवारी डिझेल नको. कुंदाचं बरोबर होतं, हात सैल पडतो, लोकांना खोटं दाखवू नये. पण ऑक्टोबरात डबे गच्च भरलेले असतात आणि कोळसा असा आला तर ती गाडी चढावर अडकेल. आज अडकतच होती. ऑक्टोबरभर डिझेल मागे राहील, आणि लोकांना तसं तिकिटाच्या खिडकीवरच सांगायचं. मग हात वर झाले आणि ते तसंच ठरलं.

बाहेर आल्यावर वॉल्ट म्हणाला, "शी वुड हॅव फॉट यू ऑन धिस."

"आय नो," मी म्हटलं.

मंगळवारसाठी राखून ठेवलेला माझा मुद्दा हाच होता, कुंदे. अर्धं तुझं, अर्धं माझं. सोमवारी रात्रीच मनात तयार झाला होता. तू तो मुळीच मान्य केला नसतास. ऑक्टोबर काऊन, नोव्हेंबर काऊन नाही, असं म्हणत तू तासभर जाताना आणि तासभर येताना माझं डोकं खाल्लं असतंस, आणि आपण म्हाताऱ्या होईपर्यंत या एका महिन्यावरून भांडलो असतो. मला तेच हवं होतं गं. मला जिंकायचं नव्हतंच.

येत्या शनिवारी मी जाणार आहे आणि त्याच्या पुढच्याही. ईशा थांबली आहे, तिला फावडं धरायचंय. तिला पहिल्यांदा सांगणार आहे, पाणी आधी. गाडीत शेजारच्या सीटवर, तुझ्या जागी, मी वांगी ठेवणार आहे.

ऑक्टोबरभर डिझेल मागे असणार आहे, कुंदे. मीच लावायला सांगितलंय. आता बोल.